रॉबर्ट वायट : ताल, अक्षर आणि एका अपघाताचा इतिहास

२००६ च्या सुमारास इंग्लंडमधील वृत्तपत्रांनी एका नव्या क्रियापदाची नोंद घेतली. मद्यगृहांत पैसे टाकून गाणी वाजविण्याची जी यंत्रे असतात, ती एव्हाना इंटरनेटशी जोडली गेली होती आणि त्यामुळे अत्यंत दुर्मिळ ध्वनिमुद्रणेही त्यांतून मागविता येऊ लागली होती. भोवतालच्या गिऱ्हाइकांचा रसभंग व्हावा एवढ्याच हेतूने एखादे दुर्बोध संगीत मुद्दाम लावण्याच्या खोडीस 'वायटिंग' असे नाव पडले. हे नाव ज्याच्या आडनावावरून आले तो संगीतकार रॉबर्ट वायट, आणि या कामी विशेष उपयुक्त समजली गेलेली ध्वनिमुद्रिका त्याचीच, 'दोन्देस्तान' (१९९१). मराठी कानाला या क्रियापदात जो भलताच अर्थ ऐकू येतो तो अर्थात केवळ ध्वनिसाम्याचा योगायोग होय. विशेषनामापासून क्रियापद घडणे हा भाषेने केलेला एक प्रकारचा सन्मान असतो. प्रस्तुत उदाहरणात मात्र सन्मान कोठे संपतो आणि उपेक्षा कोठे सुरू होते, हे सांगणे सोपे नाही.

रॉक संगीताच्या इतिहासांत वायटविषयी जे लिहिले जाते त्याचा एक साचा ठरून गेलेला आहे. 'सॉफ्ट मशीन' या वाद्यवृंदाचा तो ड्रमवादक होता. १ जून १९७३ रोजी तो खिडकीतून पडला, कमरेखाली पांगळा झाला, आणि ड्रम वाजविता येईनासे झाल्यामुळे गायक बनला. वाक्य सुटसुटीत आहे. त्यात कारण आहे, कार्य आहे, करुणाही आहे. परंतु या वाक्याने दोन अन्याय केले आहेत. ड्रमवादक वायट हा पुढे येणाऱ्या गायकाची केवळ प्रस्तावना ठरला आणि त्याच्या वादनाचे स्वतंत्र मूल्यमापन फारसे झालेच नाही; उलट गायक वायटच्या कर्तृत्वाचे श्रेय मात्र एका अपघाताच्या पदरी पडले. कालक्रम नीट तपासला तर हा कार्यकारणभाव टिकत नाही.

वायटचा जन्म २८ जानेवारी १९४५ रोजी ब्रिस्टल येथे झाला. आई ऑनर वायट पत्रकार होती आणि बी.बी.सी.साठी काम करी. वडील जॉर्ज एलिज हे औद्योगिक मानसशास्त्रज्ञ होते. पुढे मुलाने आईचेच आडनाव लावले. कँटरबरीच्या सायमन लँग्टन शाळेत त्याचे शिक्षण झाले. डोव्हरजवळील लिडन येथे या कुटुंबाचे मोठे घर होते व तेथे भाडेकरू ठेवीत. त्या भाडेकरूंपैकी दोघांचा या कथेशी संबंध आहे: एक डेव्हिड ॲलन हा ऑस्ट्रेलियन कवी-संगीतकार, आणि दुसरा जॉर्ज नाइडॉर्फ हा अमेरिकन जॅझ ड्रमवादक. वायटला ड्रमचे पहिले धडे या नाइडॉर्फने दिले. १९६२ मध्ये गुरुशिष्य दोघेही मायोर्का बेटावर जाऊन कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या सान्निध्यात काही काळ राहिले. म्हणजे रॉक संगीतात येण्यापूर्वीच जॅझची लवचिक लय आणि कवितेचा सहवास या दोन्ही गोष्टी त्याच्या शिक्षणात एकत्र आल्या होत्या, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९६६ साली वायट, ॲलन, केव्हिन एअर्स आणि माइक रॅटलेज यांनी 'सॉफ्ट मशीन'ची स्थापना केली. हे नाव विल्यम बरोज यांच्या १९६१ च्या कादंबरीवरून घेतलेले होते. पुढच्या वर्षी फ्रान्सहून परतताना ॲलनला ब्रिटनमध्ये प्रवेश नाकारला गेला आणि उरलेले तिघे १९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सच्या अमेरिकेतील दौऱ्यात त्याच्या आधी वाजवू लागले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पहिली ध्वनिमुद्रिका तयार झाली. तिचा आरंभ वायटच्या कंठाने होतो. प्रतिध्वनीत विरघळणारा उंच, किंचित खरखरीत आवाज आणि त्याखाली झांजांची सळसळ, एवढेच प्रथम ऐकू येते. गाणारा आणि वाजविणारा एकच आहे हे माहीत नसलेल्या श्रोत्यासही हे दोन ध्वनी एकाच श्वासातून निघाल्यासारखे वाटतात.

त्याच्या वादनाचे वैशिष्ट्य येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. तत्कालीन रॉक ड्रमवादकाचे मुख्य कार्य चार मात्रांच्या आवर्तनाचा भक्कम पाया घालून देणे हे मानले जाई. 'सॉफ्ट मशीन'च्या रचनांत सात, नऊ, अकरा अशा विषम मात्रांची आवर्तने वारंवार येतात. भारतीय वाचकाला रूपक, मत्त किंवा रुद्र तालाच्या परिचयामुळे यात नवल वाटणार नाही. रॉकच्या श्रोत्याला मात्र ते फार अपरिचित होते. अशा आवर्तनांत सम दाखविण्यासाठी वायट ठोसा देत नाही. तो वाक्य बोलल्याप्रमाणे वाजवितो: कोठे शब्द घाईने उरकतो, कोठे थांबतो, आणि जेथे आघात अपेक्षित असतो तेथे पुष्कळदा केवळ झांजेचा निसटता स्पर्श ठेवतो. समकालीन ड्रमवादकांच्या गौरवयाद्यांत त्याचे नाव मागे पडले याचे एक कारण हेच असावे. त्याचे कौशल्य स्वतःकडे लक्ष वेधत नाही.

'व्हॉल्यूम टू' (१९६९) या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत दोन अगदी छोट्या रचना आहेत. त्यांत इंग्रजी मुळाक्षरे गायिली आहेत, एकदा सुलट आणि एकदा उलट. हा विनोद म्हणून सोडून देण्यात येतो. भाषाभ्यासकाने मात्र येथे थांबले पाहिजे. इंग्रजी मुळाक्षरांच्या सव्वीस नावांपैकी पंचवीस एकावयवी आहेत. एकटे 'डब्ल्यू' तीन अवयवांचे आहे. सम गतीने म्हणू लागले की त्या एका अक्षरावर लय अडखळते, आणि उलट क्रमाने म्हणताना ती अडचण आरंभीच येऊन पडते. अर्थ पूर्णपणे वजा केल्यावर भाषेत काय उरते, याचे उत्तर ही रचना देते: अवयव, आघात आणि विराम. ड्रमवादकाचे साहित्यही हेच आहे. आपल्याकडे तबल्याचा प्रत्येक आघात बोलाने ओळखला जातो आणि शिष्य हाताने वाजविण्यापूर्वी तोंडाने म्हणायला शिकतो. त्यामुळे वाणी आणि आघात यांचे नाते आपल्याला स्वयंसिद्ध वाटते. पाश्चात्त्य ड्रमशिक्षणात ते तितके दृढ नाही. वायटने ते स्वतंत्रपणे, आणि बहुधा खेळता खेळता, शोधून काढले.

त्याच्या उच्चारांचाही विचार याच संदर्भात करावयास हवा. पीटर ट्रडगिल यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनात ब्रिटिश पॉप गायक गाताना अमेरिकन उच्चारांचे अनुकरण कसे करीत आणि साठोत्तर काळात ते प्रमाण कसे घटत गेले, हे दाखविले आहे. वायट प्रारंभापासून आपल्या बोलण्याच्याच इंग्रजीत गातो. बोलीतला नैसर्गिक आघात सोडावयाचा नाही असे ठरविले की चालीला वाक्यामागे जावे लागते, आणि मग ओळींची लांबी असमान होते. 'थर्ड' (१९७०) मधील 'मून इन जून' ही सुमारे एकोणीस मिनिटांची रचना याचा उत्तम नमुना आहे. तिच्या पूर्वार्धात ऑर्गन, पियानो, बास आणि ड्रम ही सर्व वाद्ये वायटनेच वाजविली आहेत. शब्द गप्पांसारखे आहेत. १९६९ मध्ये बी.बी.सी.साठी ही रचना सादर करताना त्याने ते बदलून त्या संस्थेविषयीचे नवेच शब्द घातले आणि तरीही रचनेचा तोल ढळला नाही. ज्याच्या मनात अवयवांचा हिशेब पक्का आहे त्यालाच हे साधते.

येथपर्यंतच्या सर्व घटना अपघातापूर्वीच्या आहेत. डिसेंबर १९७० मध्ये निघालेल्या 'दि एंड ऑफ ॲन इअर' या त्याच्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्याने स्वतःची ओळख करून दिली ती बेकार पॉप गायक म्हणून. सध्या 'सॉफ्ट मशीन'मध्ये ड्रम वाजवितो, अशी पुस्ती तिला जोडलेली होती. ज्या वाद्यवृंदात आपण आहोत त्यात आपल्या कंठाला जागा उरलेली नाही, ही ती तक्रार होती. शीर्षकातही 'एरा' म्हणजे युग या शब्दातील दोन वर्णांची अदलाबदल करून 'इअर' म्हणजे कान केलेला आहे. १३ ऑगस्ट १९७० रोजी 'सॉफ्ट मशीन'ने लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात वाजविले. तेथे निमंत्रित झालेला तो पहिला रॉक वाद्यवृंद. प्रतिष्ठा वाढत होती आणि शब्द मागे पडत होते. १९७१ ची 'फोर्थ' ही ध्वनिमुद्रिका संपूर्णतया वाद्यसंगीताची आहे. त्याच वर्षी वायट वाद्यवृंदातून बाहेर पडला; आपण गेलो नाही, घालविले गेलो, असे तो पुढे सांगत असे. नव्या वाद्यवृंदाला त्याने 'मॅचिंग मोल' हे नाव दिले. इंग्रजीत त्याचा अर्थ 'जोडीला शोभणारी चिचुंद्री' असा काहीसा निरर्थक होतो. पण 'सॉफ्ट मशीन'चे फ्रेंच भाषांतर 'माशीन मोल' असे असल्याने रुसवा आणि थट्टा दोन्ही त्यात साधली. या वाद्यवृंदाच्या १९७२ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत एक गीत असे आहे की, त्यातील शब्द केवळ हे कडवे, हे ध्रुवपद, हा स्वरबदल, अशी गीताच्या घटकांची नावेच सांगत जातात. भाषेने स्वतःविषयीच बोलावे, याचे लोकप्रिय संगीतात इतके निखळ उदाहरण विरळा.

आता अपघाताकडे वळू. १९७३ च्या आरंभी वायट व्हेनिसमध्ये होता. त्याची सहचारिणी ॲल्फ्रेडा बेंज तेथे निकोलस रोगच्या 'डोंट लुक नाऊ' या चित्रपटाच्या कामासाठी गेली होती, आणि तिने आणून दिलेल्या एका लहानशा की-बोर्डवर तो चाली बांधीत बसे. पुढे 'रॉक बॉटम' (१९७४) या नावाने निघालेल्या ध्वनिमुद्रिकेचा बराचसा भाग येथे आकारास आला. लंडनला परतल्यावर 'मॅचिंग मोल'च्या नव्या संचाची जुळवाजुळव चालू असतानाच तो एका समारंभात वरच्या मजल्याच्या खिडकीतून पडला. कित्येक महिने तो स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात होता. नोव्हेंबरमध्ये 'पिंक फ्लॉइड' आणि 'सॉफ्ट मशीन' यांनी त्याच्या साहाय्यार्थ रेनबो नाट्यगृहात कार्यक्रम केले. २६ जुलै १९७४ रोजी 'रॉक बॉटम' प्रसिद्ध झाली; त्याच दिवशी वायट आणि बेंज यांचा विवाह झाला. तात्पर्य, ज्या कृतीस अपघाताचे फळ मानले जाते तिचे बीज अपघातापूर्वी रुजलेले होते.

अर्थात अपघाताने काहीच बदलले नाही असे म्हणणे अतिरेकाचे ठरेल. स्वतः वायटने अपघाताने आपल्याला मोकळे केले अशा आशयाचे उद्गार काढलेले आहेत, आणि ते दुर्लक्षिता येत नाहीत. ड्रमसंच हे चारही हातापायांचे वाद्य आहे. उजवा पाय मोठ्या ढोलावर, डावा पाय जोडझांजांवर. पाय गेले म्हणजे अर्धे वाद्य गेले. अर्ध्या वाद्याच्या वादकाने वाद्यवृंद चालविणे शक्य नव्हते. म्हणून वाद्यवृंद संपला. पण ताल संपला काय? 'रॉक बॉटम'चे काही मुद्रण विल्टशायरमधील एका शेतघरी, बाहेर उभ्या केलेल्या फिरत्या ध्वनिमुद्रण-गाडीच्या साहाय्याने झाले. निर्माता होता निक मेसन, 'पिंक फ्लॉइड'चा ड्रमवादक. वेष्टनावरील वाद्यांच्या यादीत त्या घरच्या यजमानीण डेल्फिना यांचे तबक आणि मद्याचा पेला यांचाही उल्लेख आहे. काही गीतांत ड्रम दुसऱ्याने वाजविले आहेत. इतरत्र हाती लागेल त्या वस्तूवर वायटने ताल धरला आहे.

या ध्वनिमुद्रिकेतील 'ॲलिफिब' हे गीत सर्वांत बारकाईने ऐकावयास हवे. येथे ड्रम नाही. संपूर्ण गीताखाली पुनःपुन्हा ऐकू येते ती एक श्वासवत् कुजबूज, आणि ती कुजबूज म्हणजे 'ॲल्फी' या बेंजच्या घरगुती नावाचे मोडून ताणलेले रूप आहे. दोन अवयवांचे नाव तीन अवयवांचे झाले आहे, घोष गेला आहे, केवळ उच्छ्वास व घर्षण उरले आहे. आणि जोडझांजांचे जे काम पूर्वी डावा पाय करीत असे, तेच काम आता हे नाव करते. वरच्या सुरात गायिले जाणारे शब्दही बालभाषेसारखे, अर्थाच्या उंबरठ्यावर अडलेले आहेत. पुढच्या जोडगीतात हाच मजकूर अधिक विदीर्ण स्वरूपात येतो आणि शेवटी बेंज स्वतःच्या आवाजात, सरळ शहाण्या इंग्रजीत त्याला उत्तर देते. ज्याने मुळाक्षरे उलटसुलट गायिली होती त्याच माणसाचे हे काम आहे. येथे त्या खेळावर संपूर्ण आयुष्याचा भार पडला आहे, एवढाच फरक. फ्रान्समध्ये या ध्वनिमुद्रिकेस शार्ल क्रो अकादमीचे पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी 'आय ॲम अ बिलीव्हर' या जुन्या लोकप्रिय गीताची त्याची आवृत्ती ब्रिटिश क्रमवारीत २९ व्या स्थानी पोहोचली. दूरचित्रवाणीवर ते सादर करताना त्याची चाकांची खुर्ची दिसू नये असा आग्रह धरला गेला, आणि वायटने तो मानला नाही. पुढील वर्षांचा वृत्तांत येथे विस्ताराने देण्याचे प्रयोजन नाही. १९८२ चे 'शिपबिल्डिंग' हे फॉकलंड युद्धाच्या पार्श्वभूमीवरील गीत सर्वज्ञात आहे. त्यात त्याने केवळ गायन केले असून गीत-संगीत इतरांचे आहे.

त्यापेक्षा अल्पज्ञात अशी एक तबकडी मात्र उल्लेखनीय आहे. १९८१ मध्ये आयव्हर कटलर यांचे एक गीत त्याने तबला व शहनाई यांच्या साथीने गायिले, आणि त्या तबकडीची दुसरी बाजू लंडनमधील 'दिशारी' या बंगाली गायकमंडळीला देऊन टाकली. त्या बाजूवर कामगार संघटनेविषयीचे बंगाली गीत आहे. लोकप्रिय संगीताच्या व्यवहारात भारतीय वाद्ये पुष्कळांनी उसनी घेतली. निम्मी तबकडी परत देणारे थोडे.

स्पॅनिश गीतेही तो याच काळात गाऊ लागला. 'कॉमिकोपेरा' (२००७) च्या तिसऱ्या भागात तर बॉम्बवर्षावाखाली सापडलेल्या माणसाच्या गीतानंतर तो इंग्रजी सोडून इटालियन आणि स्पॅनिश भाषांचा आश्रय घेतो. २०१४ मध्ये त्याने संगीतरचनेतून निवृत्ती जाहीर केली.

राहता राहिली 'दोन्देस्तान', मद्यगृहांत लोकांना छळण्यासाठी लावली जाणारी. तिच्यातील वाद्ये वायटने स्वतःच वाजविली आहेत आणि अनेक गीतांचे शब्द बेंजच्या कवितांवरून आलेले आहेत. शीर्षकगीत पॅलेस्टिनी आणि कुर्द अशा देश नसलेल्या लोकांविषयी आहे. स्पॅनिशमध्ये 'दोन्दे एस्तान' म्हणजे 'ते कोठे आहेत?', हे दोन शब्द जोडून म्हटले की एखाद्या देशाचे नाव ऐकू येते. श्लेष कानाने केलेला आहे, पण व्युत्पत्तीही त्याच्या बाजूने आहे. स्पॅनिश 'एस्तान', फारसी '-स्तान' आणि संस्कृत 'स्थान' ही तिन्ही रूपे उभे राहणे या अर्थाच्या एकाच भारत-युरोपीय धातूपासून आलेली आहेत.