प्लेगच्या जंतूची उसनवारी

नाणेघाटाचे नाव घेतले की जुन्नरकराला सातवाहन आठवतात. कोकणच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने वर चढे आणि जुन्नरच्या पेठेतून देशावर पसरे. परंतु व्यापाराच्या वाटांनी केवळ माल येत नाही. नवी पिके येतात, नवे विचार येतात आणि रोगही येतात. आमच्या प्रांताच्या इतिहासात राजांना व लढायांना जी जागा मिळाली ती रोगांना मिळालेली नाही. वास्तविक १८९६ सालच्या प्लेगने जेवढी घरे उठवली, तेवढी क्वचितच एखाद्या लढाईने उठवली असतील. त्या प्लेगचा जंतू मुळात प्लेगचा जंतू झाला कसा, हा प्रश्न पूर्वी इतिहासाचा मानला जात नसे. गेल्या काही दशकांच्या संशोधनाने तो इतिहासाचाच होऊन बसला आहे.

प्रथम घटना थोडक्यात पाहू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. साथ पसरताच हजारो लोक शहर सोडून आपापल्या गावाकडे निघाले. मुंबई ही तेव्हाही घाटावरच्या माणसांची पोटाची जागा होती. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांचे तिच्याशी असलेले नाते डबेवाल्यांच्या रूपाने आजही टिकून आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च रोजी प्लेगनेच गेल्या. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. घरात उंदीर पडू लागले की गाव रिकामे करायचे आणि माळावर झोपड्या बांधून राहायचे, हा देशावरचा रिवाजच झाला. पुढच्या दोनतीन दशकांत हिंदुस्थानात या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

जंतू १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये येर्सिनने शोधला होता. मुंबईत हाफकिनने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. उंदराकडून माणसाकडे रोग नेणारी दूती उंदरावरची पिसू आहे, हे पुढे मुंबईतील लिस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाने पक्के झाले. पण पिसवेच्या पोटात हा जंतू टिकतो कसा? त्याचे अगदी जवळचे भाऊबंद जमिनीत व पाण्यात राहतात आणि फार झाले तर पोटाचा विकार करतात. मग याच्यातच एवढे सामर्थ्य कोठून आले?

याचे उत्तर समजण्यासाठी जंतूंच्या घरातला वारसा कसा चालतो ते पाहिले पाहिजे. प्रत्येक जंतूपाशी त्याच्या घडणीचा मजकूर डीएनए नावाच्या दुपदरी धाग्यात लिहिलेला असतो. अक्षरे चारच, पण एका पदरावर एक अक्षर असेल तर समोरच्या पदरावर कोणते असावे हे ठरलेले. त्यामुळे दोन पदर सुटे केले की प्रत्येक पदर आपला जोडीदार नव्याने घडवू शकतो, आणि एका प्रतीच्या दोन होतात. प्रत्येक नव्या प्रतीत एक पदर जुना व एक नवा असतो, हे मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ साली प्रयोगाने दाखवले. आपल्या आतड्यातल्या कोलाय जंतूचा मजकूर सुमारे ४६ लाख अक्षरांचा. तो पुरा उतरून घ्यायला त्याला सुमारे ४० मिनिटे लागतात. तरीही चांगले अन्न मिळाल्यास तो दर २० मिनिटांनी दुभंगतो, कारण पहिली नक्कल संपण्यापूर्वीच दुसरी सुरू झालेली असते.

हा झाला आईकडून लेकीकडे येणारा वारसा. जंतूंत दुसराही एक व्यवहार चालतो, तो शेजाऱ्याशेजाऱ्यांमधला. मेलेल्या जंतूंचा गुण जिवंत जंतू उचलतात हे ग्रिफिथने १९२८ साली पाहिले, आणि तो गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनएच आहे हे एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली सिद्ध केले. दोन जंतू प्रत्यक्ष जवळ येऊन देवघेव करतात हे लेडरबर्ग आणि टॅटम यांनी १९४६ साली दाखविले. अशा देवघेवीत पुष्कळदा मुख्य मजकूर जात नाही. त्याबाहेर डीएनएची लहान वर्तुळे असतात, ती जातात. त्यांना प्लास्मिड म्हणतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. डबेवाल्याने डबा पुढच्याच्या हाती दिला की त्याचा हात मोकळा होतो. जंतूचे तसे नाही. तो वर्तुळाचा एक पदर पलीकडे सोडतो आणि दोघेही आपापल्या पदरावर जोडीदार घडवून घेतात. देणाराही भरलेला, घेणाराही भरलेला. नक्कल आणि दान ही येथे एकच क्रिया आहे, म्हणूनच एका जंतूचा गुण बघता बघता सर्वांचा होतो.

प्लेगच्या जंतूने नेमकी अशीच उसनवारी केली. काही हजार वर्षांपूर्वी तो आपल्या निरुपद्रवी म्हणाव्या अशा भाऊबंदापासून वेगळा झाला, आणि वाटेत त्याला दोन प्लास्मिडे मिळाली. त्यांतील एकावरच्या जनुकामुळे त्याला पिसवेच्या पोटात तग धरता येतो, हे २००२ साली दाखवले गेले. रशियातील सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या मानवी अवशेषांत हा जनुक असलेला प्लेगचा जंतू सापडला आहे. जंतूंची गुठळी पिसवेचा घसा बुजवते, उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यात जंतू ओकते. मांडवीच्या गोदामापासून माळावरच्या झोपडीपर्यंतचा सारा अनर्थ या एका उसन्या वर्तुळाशिवाय घडला नसता.

ही हकीकत मागल्या काळापुरती असती तर बरे झाले असते. प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन ही औषधे आली आणि रोगाची दहशत ओसरली. आपल्याच जिल्ह्यात पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे पेनिसिलीन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा टेट्रासायक्लिनच मदतीला धावले. पण पुढच्याच वर्षी, १९९५ साली, मादागास्करमधील एका मुलाच्या अंगातून निघालेला प्लेगचा जंतू या दोन्ही औषधांना, आणि आणखीही कित्येक औषधांना, दाद देईना. ही ताकद त्याला एका प्लास्मिडने दिली होती. त्याच घराण्याची प्लास्मिडे अमेरिकेतील बाजारच्या मांसातल्या जंतूंतही आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. पिसवेच्या पोटात कोलाय जंतूकडून प्लेगचा जंतू असे प्लास्मिड सहज घेतो, हेही प्रयोगाने दिसले आहे.

आता हीच दोन औषधे मिसळून महाराष्ट्रात टोमॅटोवर, डाळिंबावर फवारली जात आली आहेत. ज्याचे पीक करप्याने जात आहे त्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देत नाही. पण शेतातला जंतू, कोंबडीच्या पोटातला जंतू आणि रोग्याच्या अंगातला जंतू यांच्यामध्ये कोणताही बांध नाही, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. अर्धवट सोडलेला औषधाचा कोर्स, सर्दीपडशाला घेतलेली गोळी आणि अकारण मारलेली फवारणी यांपैकी प्रत्येक गोष्ट औषध पचवणाऱ्या जंतूंनाच तेवढे जगू देते, आणि जगलेला जंतू आपली कला स्वतःपुरती ठेवत नाही.

औषधाचा गुण ही अवघ्या गावाची सामाईक ठेव आहे. ती एकाने उधळली तर सगळ्यांची जाते. आमच्या आजेपणज्यांपाशी गाव सोडून माळावर जाण्यापलीकडे फारसा उपाय नव्हता, आम्हांपाशी आहे. तो नातवंडांपर्यंत पोचवायचा की वाटेतच संपवायचा, एवढाच प्रश्न आता शिल्लक उरतो.