जाब

‘जाब’ हा अरबी ‘जवाब’चा मराठी अवतार. त्याच्याच ‘जबाब’ या रूपाला फारसी ‘दार’ लागला आणि ‘जबाबदार’ झाला, म्हणजे उत्तर बाळगणारा. राज्य उलथल्यावर हे उत्तर कोणी कोणाला द्यायचे? शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तली उज्जयिनी पाहा, देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’मुळे ती आपल्या रंगभूमीच्याही ओळखीची. राजाचा मेहुणा शकार गणिका वसंतसेनेचा गळा दाबतो, खुनाचा आळ तिचा प्रियकर चारुदत्त याच्यावर घालतो, वर न्यायाधीशाला पद घालवण्याची धमकी देतो. दहाव्या अंकात बंडखोर आर्यक पालक राजाला मारून गादीवर येतो. शकाराला पकडून आणतात तेव्हा वसंतसेना चारुदत्ताच्या गळ्यातली वध्यमाला काढून शकाराच्या अंगावर फेकते. तरी चारुदत्त शरणागताला अभय देतो आणि शकार मोकळा सुटतो.

सूडाचे चक्र थांबले हे काय थोडे झाले, असे कोणी म्हणेल. खरे आहे, आर्यकाचा मित्र शर्विलक तर शकाराला कुत्र्यांपुढे टाकायला निघाला होता. पण सूड वेगळा, जाब वेगळा. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्य आणि समेट आयोगानेही माफी दिली, पण आधी गुन्ह्याची पुरती कबुली मागून. उज्जयिनीत न्यायासन पुन्हा बसलेच नाही. आणि गळा दाबला होता वसंतसेनेचा. माफी द्यायची का, हे तिला कोणी विचारले नाही.