स्थायीच्या सोळा खुर्च्या

परवा ऑफिसात रिलीजच्या गडबडीत एकाने स्वतःचाच कोड स्वतःच रिव्ह्यू करून मर्ज केला. टीम लीड असला भडकला! मला मात्र एकदम पुणे महापालिका आठवली. आता तुम्ही म्हणाल, कशाचा कशाला संबंध... सांगतो.

महापालिकेच्या स्थायी समितीत १६ नगरसेवक असतात. स्थायी म्हणजे तिजोरीची किल्ली. आयुक्त अंदाजपत्रक आधी इथेच मांडतात, मोठ्या टेंडरांना मंजुरीही इथलीच. ही पद्धत मूळची मुंबईची. १८८८ च्या तिथल्या कायद्यात स्थायीत १२ जण होते: आठ महापालिकेने निवडलेले आणि चार चक्क सरकारने नेमलेले. पुढे १९४९ चा कायदा आला, १९५० मध्ये पुण्याची महापालिका झाली. आपल्या स्थायीत सरकारची माणसं नाहीत, सगळे सोळा नगरसेवकच.

पण कुठले सोळा? नंतरच्या एका दुरुस्तीनुसार, पक्षांच्या बळाच्या प्रमाणात. २०१७ ला १६२ नगरसेवक निवडून आले, म्हणजे साधारण दहांमागे एक खुर्ची. मनसेचे दोनच आले, म्हणून वाट्याला शून्य. इथवर शुद्ध गणित. पण पक्षातून नेमकं कोण, ती नावं गटनेता बंद पाकिटातून देतो. तिथे गणित संपतं :-)

खरी गंमत पुढेच आहे. दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात आणि पहिल्या वर्षी कुठले आठ जाणार, हे चिठ्ठ्या काढून ठरतं! मला आधी हा पोरखेळ वाटला. नंतर पटलं. किल्ली एकाच खिशात फार दिवस राहू नये, आणि निम्मे जाणते मात्र आत राहावेत.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, निवडणुका रखडल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि स्थायी म्हणून तो मंजूरही आपणच करायचा! जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत, जवळजवळ चार वर्षं हेच. कुणाच्या हेतूवर शंका नाही. पण "हा खर्च कशाला?" असं विचारणारा, आपण निवडून दिलेला एकही माणूस त्या खुर्च्यांवर नव्हता.

असो. पेपरात आतल्या पानावर "स्थायीच्या आठ जागांसाठी चुरस" अशी बातमी दिसली, तर लगेच पान उलटू नका. आपल्या शहराचा कोड रिव्ह्यू कोण करणार, ते तिथे ठरत असतं.