सगळ्यात भारी पैलवान कोण? आधी वजनकाटा आणा

आजचा एपिसोड एका कधीच न मिटणाऱ्या वादावर. ऑल टाइम ग्रेट कोण?

बॉक्सिंगवाल्यांचा लाडका वाद मिडलवेटचा. हा गट १६० पौंडांचा, म्हणजे साधारण साडेबहात्तर किलोंचा. कोणी म्हणतं शुगर रे रॉबिन्सन, कारण त्याने हा किताब पाच वेळा जिंकला. कोणी म्हणतं कार्लोस मोन्झोन, कारण १९७० मध्ये चॅम्पियन झाल्यावर तो परत हरलाच नाही आणि १९७७ मध्ये चॅम्पियन म्हणूनच निवृत्त झाला. कोणाचं मत मार्विन हॅगलरला. आणि जुने जाणकार हळूच हॅरी ग्रेबचं नाव काढतात. त्याच्या एकाही लढतीची फिल्म आज बघायला मिळत नाही, तरी काढतात. कारण १९२२ मध्ये त्याने स्वतःपेक्षा वजनदार जीन टनीला हरवलं. टनी पुढे हेवीवेटचा जगज्जेता झाला. आणि अख्ख्या व्यावसायिक करिअरमध्ये टनी एकदाच हरला, तो ग्रेबकडून.

आता हाच वाद आपल्या घरात आणू. महाराष्ट्राचा सगळ्यात मोठा पैलवान कोण?

आपण मालवणकडची माणसं. आपल्या जत्रेचा जीव दशावतारात. पण घाट चढून कोल्हापुरात उतरलात की विषय बदलतो. तिथे शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं. त्या लाल मातीत वजनगट नव्हते. जोड लावायची ती अंगकाठी बघून आणि नाव बघून. मोठं इनाम आणि शेवटची कुस्ती मोठ्या पैलवानांची. साहजिकच ‘मोठा पैलवान’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धिप्पाड माणूस यायचा.

या मापाने बघितलं तर दोन नावं लगेच येतात. पुनवतचे गणपतराव आंदळकर, १९६० चे हिंदकेसरी. कवठे पिरानचे मारुती माने, १९६४ चे हिंदकेसरी. दोघेही सांगली जिल्ह्यातले, आणि दोघांनी १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. माने ९७ किलो गटात, आंदळकर त्याच्याही वरच्या. हे काही खायचं काम नाही.

आणि तिसरं नाव खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. वजन किती? १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते फ्लायवेटमध्ये उतरले, ५२ किलो गट. मातीत वाढलेला पोरगा, समोर मॅट, नियम निराळे. तरी सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत गट होता बँटमवेट, ५७ किलो. २३ जुलै १९५२ ला कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांच्या पुढे होते फक्त जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव.

तिथवर पोचायलाही पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. पदक घेऊन आल्यावर लोकांनी दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. मग खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं.

आता विरोधी पक्षाचा मुद्दा, आणि तो वजनदार आहे, अक्षरशः. ‘खासबागेत खाशाबा आणि आंदळकर समोरासमोर आले असते तर?’ उत्तर सगळ्यांना माहीत आहे. चाळीस किलोंचा फरक कुठल्याही डावाने भरून निघत नाही. ग्रेबने टनीला हरवलं तेव्हाही दोघांच्या वजनात इतकं अंतर नव्हतं.

पण माझ्या मते प्रश्नच चुकीचा विचारलाय. सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या स्केलवरचे आकडे आपण तसेच शेजारी ठेवत नाही, आधी एका मापावर आणतो. बॉक्सिंगवाले रॉबिन्सनबद्दल ‘पाउंड फॉर पाउंड’ म्हणतात ते यासाठीच. सगळ्यांचं वजन सारखं असतं तर कोण वर आला असता, हा खरा प्रश्न. वजनगट म्हणजे हलक्या माणसाला दिलेली सवलत नाही. वजन बाजूला काढलं की मागे जे उरतं, म्हणजे डाव, वेग, दम आणि डोकं, ते मोजायची ती सोय आहे.

या मापावर माझं मत खाशाबांना. आशिया नाही, अख्खं जग समोर होतं. मॅटची सवय नव्हती. खिशात तिकिटाचे पैसे नव्हते. आणि त्यानंतर भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. कुस्तीतलं पुढचं तर थेट २००८ मध्ये, सुशील कुमारचं. त्याच बीजिंगमध्ये विजेंदर सिंगने ७५ किलो गटात, म्हणजे मिडलवेटमध्ये, कांस्य घेतलं. दोन्ही पदकं वजनगटातलीच.

या वादात पणाला काय लागलंय? खाशाबा पोलीस खात्यात नोकरी करून निवृत्त झाले, १९८४ मध्ये अपघातात गेले. हयातीत पद्म पुरस्कार नाही, अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर, पदकानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. याची कारणं अनेक असतील. पण मोठं अंग म्हणजे मोठा पैलवान, ही आपली नजर त्यात नक्की आहे. आजही महाराष्ट्र केसरीची गदा खुल्या गटातल्या विजेत्याच्याच खांद्यावर जाते, आणि टीव्हीवर आपण तीच कुस्ती बघतो. बारक्या गटात कोण जिंकलं, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

आंदळकर आणि माने मोठेच. त्यांना लहान करायची गरज नाही. फक्त पुढच्या वेळी कट्ट्यावर ही गजाल रंगली, आणि कोणी म्हणालं ‘खाशाबा? तो तर बारका होता’, तर त्याला एकच विचारा: किलोमागे किती?