हिस्टरी पुसली तरी शोध पुन्हा दिसतो कसा? ब्राउझर आणि गूगल खात्याची सफाई

एका वाचक भगिनीचा आम्हाला फोन आला होता. घरात स्मार्टफोन एकच. दिवसा तो सासूबाईंकडे, संध्याकाळी दिराकडे, रात्री मुलांच्या अभ्यासाला. दुपारी दहा मिनिटं मिळाली तेव्हा तिने 'खुला'ची कायदेशीर प्रक्रिया काय असते, ते गूगलवर पाहिलं आणि आठवणीने हिस्टरी पुसली. संध्याकाळी दिराने क्रिकेटचा स्कोअर बघायला सर्चच्या चौकटीत बोट ठेवलं, तर खाली पहिल्याच ओळीत तिचा शोध हजर. पुढे घरात काय झालं ते इथे लिहायची गरज नाही. तिचा प्रश्न एवढाच होता, "मी पुसलं होतं ना, मग ते आलं कुठून?"

प्रश्न तिचा एकटीचा नाही. एक फोन चार जण वापरतात अशी घरं आपल्याकडे भरपूर आहेत. कुणी आजाराबद्दल शोधतं, कुणी कर्जाबद्दल, एखादी मुलगी पुढच्या शिक्षणाबद्दल. यात लपवण्यासारखा गुन्हा काहीच नाही, पण म्हणून सगळ्यांना सगळं दिसावं असंही नाही. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टास्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा हक्क घराच्या उंबऱ्याच्या आतही असतो, असं आम्ही मानतो.

नोंद एका जागी नसते

आपण एक शब्द शोधतो तेव्हा त्याची नोंद किमान तीन ठिकाणी होते. पहिली फोनमधल्या ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, सफारी जे असेल त्यात. दुसरी गूगलच्या खात्यात, आणि ही फोनमध्ये नसून गूगलच्या सर्व्हरवर असते. तिसरी बाहेर, म्हणजे ज्या वेबसाइटवर गेलो तिच्याकडे, इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे, वायफाय ऑफिसचं असेल तर ऑफिसकडे. त्या भगिनीने पहिली नोंद पुसली होती. दिराला दिसली ती दुसरी. शिवाय फोनमध्ये खातं तिच्या शोहरच्या नावाचं होतं, म्हणजे तिचे सगळे शोध त्याच्याच खात्यात जमा होत होते आणि त्याच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते खातं उघडं असेल तर तिथेही दिसू शकत होते.

ब्राउझरमधली हिस्टरी

अँड्रॉइड फोनवर क्रोम उघडा. कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबा, हिस्टरी निवडा, तिथे ब्राउझिंग डेटा हटवण्याचा पर्याय येतो. आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे इकडेतिकडे असतात, पण जागा हीच. मग कालावधी विचारला जातो: शेवटचा एक तास, 24 तास, 7 दिवस, 4 आठवडे किंवा सगळा काळ. फोनवरच्या क्रोममध्ये शेवटच्या 15 मिनिटांचाही पर्याय मिळतो, तो फार कामाचा आहे. कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकत्र दाबली की हीच खिडकी उघडते. क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिन्हींत चालतं. आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये सफारी शोधून हिस्टरी आणि वेबसाइट डेटा साफ करायचा.

या खिडकीतल्या चौकटी डोळे झाकून टिक करू नका. हिस्टरी म्हणजे भेट दिलेल्या पानांची यादी. कुकीज म्हणजे वेबसाइटने आपल्याला ओळखण्यासाठी ठेवलेली चिठ्ठी. ती काढली की बहुतेक साइटवरून आपण लॉगआउट होतो आणि पुन्हा पासवर्ड टाकावा लागतो. कॅश म्हणजे पानं लवकर उघडावीत म्हणून साठवलेले फोटो वगैरे, ती काढल्याने नुकसान काहीच नाही. सेव्ह केलेले पासवर्ड हीसुद्धा एक चौकट असते. पासवर्ड कुठे लिहून ठेवलेले नसतील तर तिला हात लावू नका, नंतर डोक्याला हात लावायची वेळ येते. आम्हाला नेहमी विचारतात की यात व्हॉट्सअॅप किंवा गॅलरीतले फोटो तर जाणार नाहीत ना. नाही जात. उलट, डाउनलोड केलेली फाइलसुद्धा जात नाही, जाते फक्त तिची यादी. फाइल फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच राहते, ती वेगळी काढावी लागते.

आता एक गोष्ट अनुभवाने सांगतो. जिथे फोनवर कुणाची नजर आहे तिथे सगळी हिस्टरी कोरी करणं कधीकधी जास्त अंगाशी येतं. कालपर्यंत भरलेली यादी आज रिकामी दिसली की "काय लपवलंस?" हा पुढचा सवाल. अशा वेळी हिस्टरीची यादी उघडून नको असलेल्या नोंदीच तेवढ्या एकेक करून काढाव्यात. सर्चच्या चौकटीखाली जुना शोध दिसत असेल तर त्या ओळीवर बोट दाबून धरा, काढायचं का असं विचारलं जातं. क्रोमच्या नव्या टॅबवर वारंवार पाहिलेल्या साइटची गोल चिन्हं येतात, तीही अशीच काढता येतात. कीबोर्ड मात्र सगळे विसरतात. जीबोर्ड आपण टाइप केलेले शब्द शिकतो आणि दोन अक्षरं टाकली की तिसरा माणूस टाइप करत असला तरी तोच शब्द पुढे करतो. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली शिकलेले शब्द पुसायची सोय आहे.

गूगल खात्यातली नोंद

खरं काम इथे आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल उघडून आपल्या खात्यात जा, तिथे डेटा आणि प्रायव्हसी, आणि त्यात माय अॅक्टिव्हिटी. पहिल्यांदा उघडणारा माणूस गप्प होतो. कोणत्या तारखेला किती वाजता काय शोधलं, कोणता व्हिडिओ किती वाजता पाहिला, सगळं ओळीने. क्रोम आपल्या यादीत साधारण 90 दिवसांचं दाखवतो, पण खात्यातली नोंद वर्षानुवर्षं राहू शकते. जून 2020 पासून उघडलेल्या नव्या खात्यांना 18 महिन्यांनी आपोआप पुसण्याची सेटिंग आधीच लावलेली असते. त्याआधीच्या जुन्या खात्यांना ती आपली आपण लावावी लागते, आणि बहुतेकांनी लावलेली नसते.

तर वेब आणि अॅप अॅक्टिव्हिटी उघडा, आपोआप हटवण्याचा पर्याय निवडा. 3, 18 किंवा 36 महिने असे तीन पर्याय आहेत. आम्ही 3 घेतो. नोंद ठेवणंच नको असेल तर ही अॅक्टिव्हिटी पूर्ण बंदही करता येते. यूट्यूबची हिस्टरी वेगळी असते, तिथेही हेच करा, नाहीतर सर्च पुसलं आणि व्हिडिओंच्या शिफारशींनी सगळं सांगून टाकलं असं होतं. माय अॅक्टिव्हिटी उघडताना दर वेळी पासवर्ड मागावा अशीही सेटिंग आहे. पण फोन आपला आणि खातं दुसऱ्याचं असेल, तर यातलं काहीच पक्कं नाही. स्वतःचं वेगळं खातं हवं.

इन्कॉग्निटो म्हणजे बुरखा नव्हे

इन्कॉग्निटो टॅबबद्दल खूप गैरसमज आहेत. त्यात शोधलेलं फोनच्या हिस्टरीत जात नाही आणि टॅब बंद केले की कुकीज जातात, एवढंच त्याचं काम. घरातल्या माणसाच्या नजरेपासून ते बऱ्यापैकी वाचवतं. इंटरनेट कंपनी, ऑफिसचं नेटवर्क आणि ती वेबसाइट यांना आपण तिथे आलो हे कळतंच. आणि इन्कॉग्निटोमध्ये जीमेलला लॉगिन केलं तर पडदा आपल्याच हाताने वर केला.

यावरून अमेरिकेत 2020 साली गूगलवर कॅलिफोर्नियाच्या कोर्टात दावा झाला होता. इन्कॉग्निटोमध्ये असतानाही कंपनी माहिती गोळा करते, ही तक्रार होती. 2024 मध्ये तडजोडीचे कागद कोर्टात आले, त्यानुसार गूगलने अब्जावधी जुन्या नोंदी नष्ट करायचं आणि इन्कॉग्निटोच्या सूचनेत खरी परिस्थिती स्पष्ट लिहायचं मान्य केलं. आज इन्कॉग्निटो उघडल्यावर जो मजकूर दिसतो तो न वाचता पुढे जाऊ नका.

वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. काम झालं की टॅब बंद करायचे. अँड्रॉइडवर वरच्या सूचनांच्या पट्टीत इन्कॉग्निटो चालू असल्याची खूण तोवर दिसत राहते. आणि क्रोमच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये, क्रोममधून बाहेर पडल्यावर इन्कॉग्निटो टॅबला बोटाच्या ठशाचं कुलूप लावायची सोय असते, ती चालू करा.

सायबर कॅफे आणि झेरॉक्सचं दुकान

स्कॉलरशिपचा फॉर्म, हजचा अर्ज, पासपोर्ट, नोकरी, सगळं अजून बऱ्याच जणांचं दुकानातूनच भरलं जातं. आम्ही स्वतः एका दुकानात बसलो असताना आधीच्या मुलीचं मेल खातं समोर उघडं होतं, डाउनलोडमध्ये तिचं आधार, मार्कशीट आणि बँक पासबुकाचं पान. दुकानदार वाईट नव्हता, त्याच्या ते गावीच नव्हतं. दुकानात ब्राउझरने पासवर्ड सेव्ह करू का विचारलं तर नाही म्हणा, फाइल काढून टाका आणि रिसायकल बिनसुद्धा रिकामी करा. लॉगआउट विसरलात तर घरी येऊन गूगल खात्याच्या सिक्युरिटी विभागात आपली उपकरणं पाहा, तिथून त्या कॉम्प्युटरला बाहेर काढता येतं. ओटीपी आणि मोबाइल दोन्ही दुकानदाराच्या हातात देण्याची सवय तर बंदच करा. सायबर कॅफेसाठी 2011 चे नियम आहेत. त्यानुसार ग्राहकाची ओळख आणि पाहिलेल्या साइटची नोंद त्याला किमान एक वर्ष ठेवायची असते. तेव्हा तिथली हिस्टरी पुसली म्हणजे सगळं गेलं असं समजू नये.

जे ब्राउझरच्या बाहेर घडतं

नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या मदरबोर्ड या वृत्तसंस्थळाने एक बातमी दिली, तिने जगभरचे मुसलमान हादरले. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारं 'मुस्लिम प्रो' हे अॅप लोकांच्या लोकेशनची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीला देत होतं, आणि ती कंपनी अशी माहिती कंत्राटदारांमार्फत अमेरिकी लष्करापर्यंत पोहोचवत होती. अॅपची डाउनलोड संख्या तेव्हा 9 कोटी 80 लाखांच्या वर होती. बातमीनंतर अॅपने एक्स-मोडशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं, आणि जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीला संवेदनशील जागांची माहिती विकण्यावर बंदी घातली. ही माहिती काही कुणी चोरली नव्हती. लोकांनी अॅप उघडताना 'परवानगी द्या'वर बोट ठेवलं होतं.

म्हणून परवानग्या तपासा. नमाजच्या वेळेसाठी शहराचं नाव हाताने टाकलं तरी चालतं, लोकेशन सतत चालू लागत नाही. द्यायचंच असेल तर फक्त अॅप वापरताना, आणि तेही अचूक नको, अंदाजे. अँड्रॉइड 12 आणि पुढच्या फोनमध्ये प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाहिरातींखाली अॅडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करता येतो, तो आजच करा. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये कोणत्या वेबसाइटला लोकेशन, कॅमेरा, माइक आणि नोटिफिकेशनची मुभा दिली आहे ती यादी मिळते. ओळखीची नसलेली नावं सरळ काढून टाका.

ब्राउझर बदलायचा असेल तर फायरफॉक्स पाठलाग करणाऱ्या कुकीज बऱ्याच अडवतो, आणि शोधासाठी डकडकगो आपले शोध साठवत नाही. फुकटच्या व्हीपीएनपासून लांब राहा. इंटरनेट कंपनीऐवजी त्या अनोळखी कंपनीला सगळं दिसतं, यापलीकडे हाती काही येत नाही. शिवाय एप्रिल 2022 च्या सर्ट-इनच्या आदेशाप्रमाणे भारतात व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती 5 वर्षं ठेवायची आहे.

एक इशारा द्यायला हवा. रोजची सफाई हा आपला हक्क आहे. पण एखाद्या प्रकरणात पोलीस किंवा कोर्टाने मोबाइल मागितला असेल, तर त्यानंतर त्यातलं काही पुसणं हा पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा ठरू शकतो. तेव्हा काही न पुसता आधी वकिलाला भेटा. आपल्याला कुणी धमकावत असेल तर त्याचे मेसेजही पुसू नका, ते आपल्याच कामाचे आहेत. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा.

त्या भगिनीला आम्ही सांगितलं की शोहरच्या खात्यात यापुढे काही शोधू नकोस, गरज पडली तर इन्कॉग्निटो उघड, नाहीतर बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवर बघ. फोनमध्ये कुणी पाळत ठेवणारं अॅप टाकलं असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, हेही सांगितलं. कायद्याची माहिती तर गूगलवर शोधायलाच हवी असं नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्याची हेल्पलाइन 15100. घरात त्रास असेल तर महिला हेल्पलाइन 181. या नंबरांवर बोलून झालं की कॉलच्या यादीतूनही नंबर काढायचा.