कापसाची गाडी, शहाडमार्गे

फेब्रुवारी 1865. सुवेझहून आलेली तुमची आगबोट मुंबई बंदरात नांगरून उभी आहे आणि दोन दिवस तुम्ही मोकळे आहात. कालवा व्हायला अजून चार वर्षं आहेत, म्हणून अलेक्झांड्रियाला एक जहाज सोडून, आगगाडीनं इजिप्त ओलांडून, तुम्ही तांबड्या समुद्रात दुसरं जहाज धरलंत. पडावातून धक्क्याला लागता तोच शेअरची भाषा कानावर पडते. गाडीवानापासून पेढीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, बॅकबे. समुद्र बुजवून जमीन काढायला निघालेल्या या कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 पर्यंत चढलाय. जमीन अजून बरीचशी पाण्यातच आहे, पण ते कोण विचारतो?

हे वेड कापसामुळं. तिकडे अमेरिकेत यादवी पेटलीय, लिंकनच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवलीत, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना खानदेश-वऱ्हाडाची आठवण झालीय. कॅलिफोर्नियात लोक सोन्याच्या मागे धावले. इथं सोनं स्वतःच मालगाडीत बसून बंदरावर येतं.

ते येतं ती वाट बघायची तर बोरीबंदरला इगतपुरीचं तिकीट काढा. आज जिथं ती भव्य इमारत आहे तिथं साधं लाकडी स्टेशन आहे. शौचालय डब्यात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. समोरच्या बाकावर जळगावला कापूस धरायला निघालेला एक दलाल बसलाय. भायखळा येईपर्यंत त्यानं तुमची सगळी चौकशी केलेली असते.

ठाणं जातं, खाडीवरचा पूल जातो, मुंब्र्याचे डोंगर अंगावर येऊन मागे सरतात. कल्याणला रूळ फुटतात. उजवीकडचे बोरघाटातून पुण्याकडे, डावीकडचे आपले. वालधुनी ओलांडली की शहाड.

इथं खिडकीतून डोकं बाहेर काढा, मात्र डोळ्यांत कोळशाचे कण जाणार. सेंच्युरी रेयॉनची चिमणी नाही, बिर्लांनी बांधलेलं विठ्ठलमंदिर नाही, उल्हासनगर नावाचं गावच नाही. भाताची कापलेली खाचरं, बांधाबांधानं वाल, आणि पुढं उल्हास नदी. 1 ऑक्टोबर 1855 ला ही लाइन कल्याणहून वाशिंदपर्यंत गेली, तेव्हापासून शहाडकर गाड्या बघताहेत. पुलाआधी वेग मंदावतो तेव्हा रुळाकडेच्या बाभळींकडे नीट बघा. काट्यांना पांढरे पुंजके अडकलेत. वरून येणाऱ्या वाघिणींमधल्या गाठींतून निसटलेला हा कापूस. एक परकरी पोर ते पुंजके वेचून ओच्यात घालतेय. देवापुढच्या वातींपुरता झाला की पुष्कळ. मुंबईत कोट्यवधी ओतणाऱ्या त्या मालातलं शहाडच्या वाट्याला आलं ते एवढंच.

पुलावर चाकांचा आवाज पोकळ होतो, आणि दलाल खिशातून एक पुडकं काढतो. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून तो ती हळूहळू ओढतो, तुटलेले तंतू एकावर एक ठेवतो, पुन्हा ओढतो. शेवटी बोटावर एक पातळ झुबका उरतो. 'धागा आखूड,' तो म्हणतो, 'पण आज आखूडही खपतो.' गाठीत सरकी, माती, पाणी घालून वजन वाढवायचे प्रकार इतके झाले की सरकारला 1863 मध्ये खास कायदा करावा लागला. दलाल हे अभिमानानं सांगतो की लाजेनं, ते मात्र कळत नाही.

टिटवाळा, वाशिंद, मग आसनगावला डावीकडे माहुलीचे सुळके. कसाऱ्यापुढचा घाट गेल्या महिन्यात, 1 जानेवारीला खुला झाला; त्याआधी घाट बैलगाडीनं ओलांडावा लागे. चढ सदतिसास एक. मध्येच गाडी थांबते, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं आणि तुम्ही पाठीच्या दिशेनं डोंगर चढू लागता. बोगद्यामागून बोगदा. एहेगावच्या पुलाखाली सुमारे 180 फुटांची दरी, तळाशी कुठंकुठं पेटू लागलेला पळस. देखावा अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण हे डोंगर काही तुमच्या सहलीसाठी फोडलेले नाहीत. डलहौसीनं 1853 च्या टिपणात रेल्वे कशाला हवी हे मांडताना, इंग्लंड कापसासाठी टाहो फोडतंय हे लिहून ठेवलं होतं.

इगतपुरीला गारवा लागतो. परतीची गाडी धरायला तुम्ही इथंच उतरणार; दलाल पुढं जाणार. तुमच्याच्यानं राहवत नाही. लढाई एप्रिलात संपेल, भाव कोसळेल, तुम्ही त्याला सांगून टाकता. तो मनमुराद हसतो.

'मग विका की बॅकबे! मी घेतो.' वही उघडून तो कलम पुढं करतो. वायद्याची तारीख त्यानं घातलीय 1 जुलै, म्हणजे ज्या दिवशी मुंबईत देणी चुकवायला कुणाकडे पैसा उरणार नाही आणि भल्याभल्या पेढ्या बुडतील तोच दिवस. तुम्ही जिंकणार हे नक्की. पैसे मात्र याच्याकडून वसूल व्हायचे आहेत.

गार्डानं हिरवं निशाण काढलंय. सही करायची तर लवकर करा.