नोंदीत न आलेलं मेडल



गेल्या १५ ऑगस्टला आमच्या ओझरजवळच्या एका गावात झेंडावंदनानंतर माजी सैनिकांचा सत्कार होता. शाल, नारळ, चहा-बिस्किटं. फौजेतून आलेला माणूस शिपाई असो की हवालदार, गाव त्याला 'मेजर'च म्हणतं, हे तुम्हाला माहीत आहे. असे सहा मेजर खुर्च्यांवर बसले होते. त्यांतले सगळ्यांत वयस्कर म्हणजे आमच्या गटातल्या एका ताईंचे सासरे. एका शाळकरी पोराने सगळ्यांच्या छातीवरची मेडलं निरखून पाहिली आणि सहज विचारलं, "आजोबा, या बाबांकडे एकाहत्तरच्या लढाईचा स्टार आहे, तुमच्याकडे का नाही? तुम्ही मागे होते का?"

पोरगं नऊ-दहा वर्षांचं, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आजोबा घरी गेले, कोट खुंटीला अडकवला आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत. ताईंनी गटाच्या बैठकीत हे सांगितलं, हप्त्याची वही बाजूला ठेवून. म्हणून आजची गोष्ट त्या मेडलाची आणि ते ज्या कागदावर लिहिलं जातं त्या कागदाची.

आधी मेडलांचं समजून घेऊ. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई झाली, ती ३ तारखेला सुरू झाली आणि १७ तारखेला थांबली. त्या लढाईसाठी सरकारने तीन मेडलं काढली. पूर्वेकडे, म्हणजे आजच्या बांगलादेशच्या बाजूला, जे होते त्यांना पूर्वी स्टार. पंजाब, राजस्थान, काश्मीरच्या बाजूला होते त्यांना पश्चिमी स्टार. आणि त्या काळात सेवेत असणाऱ्यांसाठी संग्राम मेडल. त्याआधी १९६५ च्या लढाईलाही असंच झालं होतं: आघाडीवरच्यांना समर सेवा स्टार आणि सोबत रक्षा मेडल. म्हणजे जाणकार माणूस छातीवरच्या फिती बघून सांगू शकतो की हा फौजी कुठे होता. फिती म्हणजे एक प्रकारची लिपीच झाली. आजोबांच्या कोटावर संग्राम मेडल होतं, स्टार नव्हता. वाचणाऱ्याने सरळ वाचलं, मागे होते.

आजोबा मागे नव्हते. लढाईच्या दिवसांत त्यांना आणि आणखी काही जणांना स्वतःच्या युनिटातून काढून पुढच्या एका युनिटाला तात्पुरतं जोडलं होतं. लढाई संपली, ते परत आपल्या युनिटात आले. पुढे स्टारसाठी याद्या झाल्या. ज्यांच्याकडे गेले होते त्यांना वाटलं, हा आपला माणूस नाही, त्याचं नाव त्याचं युनिट देईल. स्वतःच्या युनिटाला वाटलं, तिकडून गेलं असेल. आपल्या ग्रामसंघातही असं होतं बघा. एखादी ताई या गटातून त्या गटात जाते आणि तिचे दोन महिन्यांचे हप्ते कुठल्याच वहीत सापडत नाहीत. पैसे दिलेले असतात, ओळ राहिलेली असते.

फौजेत ही ओळ कशी पडते, तेही सांगते, कारण पुढे आपल्याला ते लागणार आहे. जवानाच्या बाबतीत काही घडलं, लग्न झालं, मूल झालं, जखम झाली, बदली झाली, की त्याचं युनिट एक आदेश काढतं. त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. तो आदेश रेकॉर्ड ऑफिसला जातो आणि तिथे जवानाच्या कायमच्या कागदांत चढतो. प्रत्येक दलाचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला. आणि अख्ख्या देशातल्या तोफखान्याचं आपल्या नाशिकरोड कॅम्पला! पंजाबातल्या, तामिळनाडूतल्या म्हाताऱ्या गनरची बायको पेन्शनसाठी जो पत्ता लिहून घेते, तो आपल्या जिल्ह्याचा असतो. मी इथेच वाढले, 'ओझर मिग'ला विमानांचे आवाज ऐकत. पण हे मला या प्रकरणात पहिल्यांदा कळलं. आजोबा तोफखान्यातले नव्हते, त्यांचं ऑफिस दुसऱ्या राज्यात. निवृत्त होताना जे डिस्चार्ज बुक हातात मिळतं, त्यात मेडलांचा एक रकाना असतो. आजोबांच्या बुकात त्या रकान्यात पश्चिमी स्टार नाही. त्यांनी तेव्हाच विचारलं होतं. "नंतर लिहून पाठवा," असं उत्तर मिळालं. मग द्राक्षाचा बाग, मुलींची लग्नं, कर्ज. 'नंतर' राहूनच गेलं.

कुणी म्हणेल, एका बिल्ल्याचं एवढं काय? मलाही आधी असंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. मग मी थोडं मागे जाऊन वाचलं.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी आपली माणसं इराकमध्ये नेली. त्यांतल्या एका सैन्याचं नावच होतं सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या, कोकणातली, साताऱ्याकडची, देशावरची पोरं. कुत नावाच्या गावात हे सैन्य चार महिन्यांहून जास्त वेढ्यात अडकलं. धान्य संपलं, घोडी कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि सुमारे १३,००० जण कैद झाले. पुढे वाळवंटातून चालत नेताना आणि कैदेत हजारो मेले. १९२९ मध्ये बसरा इथे मोठं स्मारक बांधलं, ज्यांची कबर सापडत नाही अशा ४०,००० हून जास्त लोकांचं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही कोरली. आणि आपला साधा शिपाई, नाईक, हवालदार? अमुक पलटण, मेलेले इतके. फक्त आकडा.

माझ्या डोक्यातून तो आकडा जात नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण गेले. गावात दगडी पाटी आहे, तिच्यावरही ४६ हा आकडा आहे. त्या सेहेचाळीस घरांत बायका होत्या. त्यांतली एखादी कुणाचा हात धरून बसऱ्याला पोचली असती, तरी त्या भिंतीवर तिला नवऱ्याचं नाव सापडलं असतं असं नाही.

ही चूक मान्य व्हायला किती वर्षं लागली? युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढला. त्यात कबूल केलं की आशिया आणि आफ्रिकेतल्या किमान १,१६,००० मृतांची, कदाचित ३,५०,००० पर्यंत, नावाने नोंदच केली गेली नाही किंवा अजिबात स्मरण ठेवलं गेलं नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी त्यांच्या संसदेत माफी मागितली. शंभर वर्षं गेली होती. माफी ऐकायला त्या घरांतलं कोण उरलं असेल?

आता आपल्या काळातलं एक माणूस घ्या. 'चंदू चॅम्पियन' सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो ज्यांच्यावर आहे ते मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडच्या पेठचे. फौजेत ईएमईमध्ये होते, बॉक्सिंग खेळायचे. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्याशीच राहिली, चालणं गेलं. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि पोहायला लागले. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक घेतलं. भारताला वैयक्तिक सुवर्ण मिळवून देणारे ते पहिले पॅरालिम्पिकपटू. मग १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कार मागितला. अर्ज फेटाळला गेला.

नंतर ते पुण्यात नोकरी करत राहिले. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन पुरस्कार. तेव्हा वय ८०, आणि हायडेलबर्गला ५२ वर्षं झालेली. टीव्हीवर तो कार्यक्रम मी सासूबाईंबरोबर पाहिला. त्या म्हणाल्या, "बरं झालं, जिवंत असताना दिलं." मला मात्र राग आला होता. मागितल्यावर लगेच दिलं असतं तर त्यांचं तरुणपण त्या मानाने गेलं असतं.

आणि दुरुस्ती मागणारा लहान माणूस होता म्हणून असं होतं, असंही समजू नका. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांचंच बघा. लष्कराच्या एका शाखेच्या कागदात त्यांचा जन्म १० मे १९५१ आणि दुसऱ्या शाखेच्या कागदात १० मे १९५०. खडकवासल्याच्या एनडीएसाठी कोवळ्या वयात भरलेल्या अर्जात १९५० पडलं होतं, दहावीच्या दाखल्यावर १९५१ होतं. प्रकरण २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं आणि शेवटी त्यांना अर्ज मागे घ्यावा लागला. सगळ्या फौजेचा प्रमुख, पण एक आकडा बदलून घेता आला नाही. कोण बरोबर होतं यात मी पडत नाही. इतक्या उशिरा गेलं की कागद किती घट्ट होऊन बसतो, एवढंच मला त्यात दिसलं.

तर आजोबांकडे पुरावा काय? सोबतचे बहुतेक गेले. आजोबा म्हणाले, "माझा शब्द." तो कुठे जोडणार?

पुरावा आजींकडे निघाला. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली, फौजी अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा होता. आजींना वाचता येत नव्हतं. तेव्हा शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे. तरी एकही पत्र त्यांनी चुलीत घातलं नव्हतं. फौजी माणूस पाठवणाऱ्याच्या जागी आपला नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि '५६ एपीओ' असं लिहितो. गावाचं नाव लिहायची परवानगी नसते. शिवाय फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असतो, नंबर आणि तारखेसकट. डिसेंबर १९७१ ची दोन पत्रं निघाली आणि त्यांच्यावर आजोबांच्या स्वतःच्या युनिटाचं नाव नव्हतं. ज्या युनिटाला जोडलं होतं, त्याचं होतं. आजोबांच्याच अक्षरात, तारखेच्या शिक्क्यासकट. आम्ही सगळ्या त्या ट्रंकेभोवती बसलो होतो, कुणीच बोलेना. आजी म्हणाल्या, "मला काय माहीत यात काय लिहिलंय. त्यांचं अक्षर म्हणून ठेवलं."

ट्रंक उघडलीच होती म्हणून बाकीचे कागदही पाहिले, आणि तिथे दुसरीच गोष्ट सापडली. मैत्रिणींनो, फौजीच्या घरातल्या असाल तर हे नीट ऐका. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत आहे. आजींचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. फौजेत लग्नाची नोंद झाली तेव्हा माहेरचं नाव लिहिलं गेलं. आधार कार्डावर, बँकेत सासरचं. उद्या आजोबांचं काही बरंवाईट झालं तर कुटुंब पेन्शन एका बाईच्या नावाने निघेल आणि मागायला दुसरीच बाई उभी राहील. नवरा हयात असताना त्याच्या सहीने, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याच्या प्रतिज्ञापत्रासह ही दुरुस्ती पुष्कळ सोपी जाते. घरी जाऊन पेन्शनचा पीपीओ काढा आणि त्यावर तुमचं नाव काय आहे ते आजच बघा. आणि ज्यांच्या घरातला माणूस पेन्शन न बसता फौजेतून परत आला, त्यांनी तर अजिबात थांबू नका. अशांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे.

आम्ही दोन अर्ज केले. एक मेडलाचा, एक आजींच्या नावाचा. वर नंबर, हुद्दा, नाव, युनिट, भरती आणि निवृत्तीच्या तारखा. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, पत्रांची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र. मूळ कागद द्यायचे नाहीत, यावर आजी ठाम होत्या आणि मला ते पटलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवता येतो. उत्तर नाहीच आलं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे, आणि नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, ज्याचं खंडपीठ मुंबईला आहे. तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये, आजोबांचं वय सत्त्याहत्तर आहे.

अर्जाच्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "कृपया मला पश्चिमी स्टार देण्यात यावा." आजोबांनी पेन मागून घेतलं आणि ते खोडलं. खाली स्वतः लिहिलं, "मी तिथे होतो, अशी नोंद करण्यात यावी." मग सही केली, जुन्या सवयीने आधी नंबर आणि मग नाव.

रजिस्टर पोस्टाची पावती आजींनी त्याच गठ्ठ्यात, पत्रांच्या वर ठेवली आहे.